भिंतीवरचे स्प्रिंगवर चालणारे शिल्प: चाक चार मिनिटांत का थांबते आणि काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाटजवळच्या गावात सुतारकाम करणाऱ्या एकाने 18 मिमी जाडीच्या सागवानाचे 2 फुटी कोरीव चाक केले आणि दोन 608 बेअरिंगांवर बसवले. आसाला जुन्या चावीच्या घड्याळाची स्प्रिंग थेट जोडली. चाक छान डोलते, पण चार मिनिटांत थांबते. फवारणी पंपाच्या स्टार्टरमधली जाड स्प्रिंग लावली तर जास्त वेळ चालेल का?

नाही. जाड स्प्रिंगने काम बिघडेल. असे शिल्प स्प्रिंगच्या जोरावर जास्त वेळ चालत नाही. चाक दर फेरीला किती कमी ऊर्जा गमावते आणि स्प्रिंग ती किती बारीक घोटांनी पुरवते, यावर वेळ ठरतो. अमेरिकेतील डेव्हिड सी. रॉय 1970 च्या दशकापासून भिंतीवरची अशी लाकडी शिल्पे करत आहेत. त्यांतली काही एका चावीत कित्येक तास चालतात. त्यांच्यात राक्षसी स्प्रिंग नसते. कॉन्स्टंट-फोर्स (शेवटपर्यंत सारख्याच जोराने ओढणारी) स्प्रिंग, हलकी चाके आणि कमीत कमी घर्षण, एवढ्यावर ती चालतात.

आधी हिशेब करू, कारण बाकी सगळे त्यातूनच निघते. 2 फूट व्यासाचे, 18 मिमी जाडीचे भरीव सागवानी चाक साधारण सव्वातीन किलोंचे होते. कोरून निम्मे केले तरी दीड किलोच्या वरच राहते. त्याऐवजी 45 सेमी व्यासाचे चाक घ्या. कडेला 12 मिमी प्लायवूडची 30 मिमी रुंद कडी, मध्ये 6 मिमी प्लायची 12 सेमीची तबकडी, आणि दोन्हींना जोडणाऱ्या बांबूच्या 20 पट्ट्या. हे सगळे मिळून सुमारे 400 ग्रॅम भरते. बहुतेक वजन कडेला असल्याने चाकाचे जडत्व मात्र चांगले राहते, साधारण 0.0145 किग्रॅ·मी².

हे चाक आधी पूर्ण तोलून घ्यायचे, म्हणजे कुठल्याही कोनात सोडले तरी तिथेच थांबले पाहिजे. मग कडेत, केंद्रापासून 200 मिमीवर, एम-8 चे दोन नट बसवायचे. एक नट साधारण 5 ग्रॅमचा असतो, म्हणजे एकूण 10 ग्रॅम. आता चाक लंबकासारखे डोलते. छोट्या झोक्यात एका फेरीला, म्हणजे जाऊन परत यायला, 5.4 सेकंद लागतात, दोन्ही बाजूंना 90 अंशांपर्यंत झोका गेला की 6.4 सेकंद. एकच नट ठेवला तर 90 अंशांची फेरी 9 सेकंदांवर जाते. बघणाऱ्याला 6 ते 9 सेकंदांची चाल शांत वाटते. 3 सेकंदांच्या खाली गेली की शिल्प यंत्रासारखे दिसू लागते.

या चाकात 90 अंशांच्या झोक्यावर साठलेली ऊर्जा फक्त 20 मिलिज्यूलच्या आसपास असते. बेअरिंग नीट धुतलेली असतील तर दर फेरीला त्यातले तीन ते पाच मिलिज्यूल जातात. आपल्याला फक्त एवढेच भरून काढायचे आहे. तुमची स्प्रिंग थेट आसावर आहे, त्यामुळे ती आपली सगळी ऊर्जा काही मोजक्या फेऱ्यांत ओतून मोकळी होते. त्यातली बहुतेक ऊर्जा धक्के आणि आवाज यांतच संपते.

म्हणून स्प्रिंग विकत घेण्याआधी चाकाची परीक्षा घ्या. स्प्रिंग न जोडता, दारे-खिडक्या आणि पंखा बंद करून, चाक 90 अंशांवरून सोडा आणि झोका 45 अंशांवर यायला किती फेऱ्या लागतात ते मोजा. सहा किंवा जास्त फेऱ्या आल्या तर पुढे जा. दोन-तीन फेऱ्यांतच उतरला तर दोष बेअरिंगमध्ये किंवा आसाच्या सरळपणात आहे.

दुकानात मिळणारी 608 बेअरिंग ग्रीस भरलेली असतात. मोटारीसाठी ते ठीक, आपल्या कामाला ते चिखलासारखे आडवे येते. रबरी सील असलेली (2आरएस) असतील तर सुईच्या टोकाने सील काढून टाका. सील कडेला घासते आणि तेवढ्यानेच चाक अडते. पत्र्याच्या झाकणाची (झेडझेड) असतील तर पत्राही काढता येतो. मग बेअरिंग रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, ब्रशने धुवा, दुसऱ्या स्वच्छ रॉकेलमध्ये पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळवा. पेट्रोल वापरलेच तर उघड्यावर, चूल आणि बिडीपासून लांब. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईने टाका, दोन नको. खोबरेल आणि जवसाचे तेल कधीच नको. खोबरेल थंडीत गोठते, आणि जवसाचे तर हवेत चक्क सुकून वार्निश बनते. गंज सोडवायचा स्प्रेही वंगण म्हणून चालत नाही, तो उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. आस 8 मिमीच्या घासलेल्या स्टीलचा घ्या. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू नका. आतल्या गोळ्यांच्या खोबणीला खाच पडते आणि मग प्रत्येक फेरीत चाक त्याच जागी अडखळते.

आता स्प्रिंग. घड्याळाची स्प्रिंग भरलेली असताना जोरात आणि शेवटी मरगळून ओढते, त्यामुळे सुरुवातीला चाक उधळते आणि शेवटी झोका तुटतो. फवारणी पंपाच्या स्टार्टरची स्प्रिंग तर फक्त काही वेढ्यांपुरती आणि फार ताकदीची असते. शिवाय तिचे झाकण उघडताना ती उसळून बाहेर येते आणि तिच्या कडा बोटे कापतात. ती भंगारातच राहू द्या. जुने घड्याळ वापरायचेच असेल तर सुटी स्प्रिंग काढू नका, तिच्या दात्यांच्या गाडीसकट वापरा. ती गाडी स्प्रिंगचे थोडे वेढे पुष्कळ हलक्या घोटांत वाटून देते.

नवे करायचे असेल तर कॉन्स्टंट-फोर्स स्प्रिंग घ्या. ती पातळ स्टेनलेस पट्टीची गुंडाळी असते आणि पूर्ण लांबीभर जवळपास सारख्याच जोराने ओढते. तालुक्याच्या बाजारात बहुतेक मिळणार नाही, ऑनलाइन मागवावी लागते. मागवताना जोर आणि लांबी दोन्ही विचारा. आपल्याला हलकी आणि लांब हवी, पट्टी साधारण 3 मीटर. ही पट्टी एका मोकळ्या फिरणाऱ्या फिरकीवरून मोठ्या ड्रमवर उलट्या बाजूने वळवून गुंडाळायची, म्हणजे दोन्हींच्या मध्ये ती इंग्रजी 'एस'च्या आकारात जाते. पट्टी आपल्या मूळ वळणाकडे परतू पाहते आणि ड्रमला फिरवते. सरळ बाजूने गुंडाळली तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) फारच कमी मिळतो, ही चूक नेहमी दिसते. फिरकीचा व्यास पट्टीच्या मोकळ्या गुंडाळीच्या आतल्या व्यासापेक्षा 15-20 टक्के मोठा ठेवा. ड्रम 40 मिमी व्यासाचा. दोन्हींना बाजूचे गाल लावा, पट्टीच्या रुंदीपेक्षा एक मिमी जास्त फट ठेवून. पट्टीची कड गालाला घासली तर अर्धा जोर तिथेच संपतो.

जोर मोजायला काटा लागत नाही. ड्रमला दोरा गुंडाळून वजन लटकवा. 20 मिमी त्रिज्येवर 300 ग्रॅम तोलले गेले तर टॉर्क 0.059 न्यूटन-मीटर आहे. आपल्याला तेवढाच पुरतो. 3 मीटर पट्टी या ड्रमवर सुमारे 22 वेढे घेते. ड्रमवर शेवटचा दीड वेढा कायम राहील अशी पट्टी लांब घ्या, म्हणजे स्क्रूवर ताण येत नाही. पट्टीला भोक पाडावे लागले तर कडा कानशीने गोल करा, धारदार कोपऱ्यातून तडा जातो. फिरकीवरही दोन वेढे नेहमी शिल्लक राहतील अशी चावीची मर्यादा ठेवा. पूर्ण उलगडलेली पट्टी फिरकीवरून सुटली तर चाबकासारखी फटकारते. भरताना हातमोजे आणि चष्मा लागतोच.

आता सगळ्यात नाजूक भाग, एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगचा जोर चाकाला एकेका घोटाने सोडणारी रचना. ड्रमच्याच आसावर 4 मिमी प्लायची तबकडी बसवा आणि 90 मिमी त्रिज्येवर बरोबर 10-10 अंशांवर 36 खुंट्या लावा. सायकलचे आरे 2 मिमीचे असतात, त्यांचे तुकडे यासाठी उत्तम. खुणा हाताने आखू नका. कागदावर छापलेला आराखडा चिकटवून भोके पाडा. एक खुंटी अर्ध्या अंशाने चुकली तरी तेवढ्या जागी खुंटी अडवणारे कुलूप नीट बसत नाही आणि शिल्प दर तबकडीफेरीला एकदा अडते. 22 वेढे गुणिले 36 म्हणजे 792 घोट. प्रत्येक घोट सुमारे 10 मिलिज्यूलचा. त्यातले निम्मे वाया गेले तरी चाकाची गरज भागते. 792 फेऱ्या, प्रत्येकी 6.4 सेकंद: जवळपास 84 मिनिटे, एकही दातेरी चाक न लावता.

ढकलण्याची वेळ झोपाळ्यासारखी असते, झोका तळाशी वेगात असतानाच जोर द्यायचा. रचना अशी: मोठ्या चाकाच्या मधल्या तबकडीवर, केंद्रापासून 42 मिमीवर टोक येईल अशी पितळी पट्टी लावा. तिला पॅलेट म्हणतात. दोन आसांमधले अंतर 130 मिमी ठेवा, म्हणजे खुंटी आणि पॅलेट एकमेकांच्या वर्तुळात 2 मिमी शिरतात. खुंट्यांना एक कुलूप-दांडी अडवून धरते. चाक पुढच्या दिशेने तळाजवळ आले की त्याच्यावरचा छोटा खटका दांडी 2 मिमी उचलतो, तबकडी सुटते, मागची खुंटी पॅलेटवर येऊन चाकाला 15 ते 20 अंश ढकलते आणि पुढची खुंटी दांडीवर येऊन थांबते. परतीच्या झोक्यात खटका आणि पॅलेट दोन्ही मुडपले गेले पाहिजेत. म्हणून त्यांना एका बाजूनेच वळणारी बिजागरी द्या, दुसऱ्या बाजूला टेका. घोट एका फेरीला एकदाच मिळतो.

बसवताना तीन गोष्टी तपासा. कुलूप लागलेले असताना, पॅलेटच्या मागून येणारी खुंटी पॅलेटच्या वर्तुळाबाहेर अर्धा मिमी असली पाहिजे. ती आत असेल तर पुढे येणारे पॅलेट तिच्या पाठीवर आदळते आणि सगळे जाम होते. दुसरे, चाक तळाशी शांत असताना पॅलेट ढकलण्याच्या पट्ट्याच्या मधोमध यावे. वर-खाली झाले तर झोका एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड दिसतो. तिसरे, दांडीचा अडवणारा पृष्ठभाग 2-3 अंश तिरपा करा, म्हणजे खुंटी दांडीला किंचित आत ओढून धरते. हा तिरपेपणा नसेल तर दार आपटले किंवा रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी दांडी उडते आणि तबकडी भरकन सुटून स्प्रिंग काही सेकंदांत रिकामी होते. पण 10 अंश तिरपे केले तर दांडी सोडवायलाच चाकाची शक्ती जाते.

जाड स्प्रिंग का नको, ते इथे दिसते. आपल्या टॉर्कवर खुंटी दांडीला साधारण 65 ग्रॅम वजनाएवढ्या जोराने दाबते. ती सोडवायला पाव मिलिज्यूल लागतो. दहापट ताकदीची स्प्रिंग लावली की तोच खर्च अडीच मिलिज्यूल होतो, म्हणजे चाकाच्या एकूण नुकसानाच्या निम्म्याहून अधिक. शिवाय घोट एवढा मोठा होतो की चाक डोक्यावरून उलटून पूर्ण फिरते, खटका अवेळी लागतो आणि दांडीवर खाच पडते. चाक कधी डोक्यावरून गेलेच तर स्प्रिंग बदलू नका. दोनाऐवजी अडीच-तीन नट लावा. एम-6 चा नट अडीच ग्रॅमचा असतो, तो बारीक फरकासाठी कामाला येतो.

चावी भरताना ड्रम उलटा फिरतो पण खुंट्यांची तबकडी फिरता कामा नये. यासाठी ड्रम आणि तबकडीच्या मध्ये सायकलचे एकेरी फ्रीव्हील चालते, आतले ग्रीस धुऊन. लेथवाल्याकडून त्याला 8 मिमीचे बूश करून घ्या. सुयांचे वन-वे बेअरिंगही मिळते, पण त्याला कडक केलेला आस लागतो. साध्या स्टीलवर महिनाभरात चर पडतात आणि ते घसरते. फ्रीव्हील टकटकताना तबकडीला थोडे मागे ओढते, म्हणून चौकटीवर एक हलका अडसर लावा, जो तबकडीला उलटे जाऊ देणार नाही. हा अडसर बरेच जण विसरतात. मग चावी भरताना दांडी भलत्याच खुंटीमागे जाते.

दिसण्याबद्दल: एकच चाक फिरत असले तरी मागे स्थिर पट्ट्या लावल्या की नक्षी जिवंत होते. फिरत्या चाकात 20 पट्ट्या आणि मागे स्थिर 19 ठेवा. पट्ट्या एकमेकींवर येण्याची जागा चाकाच्या 20 पट वेगाने, त्याच दिशेने धावते. मागे 21 ठेवल्या तर ती तेवढ्याच वेगाने उलटी धावते. दोन्हींत 20-20 ठेवल्या तर सगळे एकदम उघडते आणि मिटते, पाकळ्यांसारखे. पहिल्या शिल्पाला यातले एक निवडा. उलट दिशेने डोलणारे दुसरे चाक नंतर, कारण त्याला वेगळा घोट लागतो आणि वेळ निम्म्यावर येतो.

सागवान सोडायला तुमचे मन तयार होणार नाही, आणि आलापल्ली-बल्लारपूरचे सागवान हाताशी असताना ते समजण्यासारखे आहे. चौकट आणि मागचा पाट सागवानाचाच करा. चाक मात्र नको. सागवान ओलाव्यातल्या 1 टक्का फरकाला आडव्या रेषेत सुमारे 0.2 टक्के हलते. विदर्भात नवतपा आणि श्रावण यांच्या मध्ये लाकडातला ओलावा 5 टक्क्यांनी बदलला तर 600 मिमीचे चाक आडवे 6 मिमी वाढते आणि उभे जवळजवळ तसेच राहते. फुगणे सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे वजनाचा मध्यही सरकतो. 400 ग्रॅमच्या चाकाचा मध्य 1 मिमी सरकला तरी त्याचा परिणाम आपल्या दोन नटांच्या एक पंचमांश असतो. म्हणजे मे महिन्यात लावलेली वेळ जुलैत चुकते. म्हणून प्लाय वापरा, तेही आयएस 710 चे मरीन, आत पोकळ्या नसलेले. वार्निश ओलावा थांबवत नाही, फक्त उशिरा आत जाऊ देते. तरी दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या, नाहीतर तबकडी वाकते.

पट्ट्यांसाठी बांबू प्लायपेक्षा चांगला. हलका, सरळ रेषेचा आणि लांबीत फारसा न हलणारा. गडचिरोली-चंद्रपूरकडचा मानवेल भरीव असतो. तीन वर्षांच्या वरचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या. बुरुडाकडून 6 मिमी रुंद, 3 मिमी जाड कामट्या काढून घ्या आणि सगळ्या एकाच बांबूच्या असतील असे बघा, म्हणजे वजन सारखे येते. काढल्यावर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या सुमारे 5 टक्के द्रावणात दोन-तीन दिवस बुडवून सावलीत वाळवा. हे टाळले तर बांबूला भुंगा लागतो, आतून पीठ पडते आणि चाकाचा तोल हळूहळू बिघडत जातो. कारण शोधताना माणूस बेअरिंग धुवत बसतो. 

जागा निवडताना कूलरचा विचार आधी करा. चाकाची कड तळाशी सेकंदाला 35 सेमीच्या आसपास जाते. कूलरचा झोत त्याच्या कितीतरी पट वेगाचा असतो, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. झोताच्या रेषेत कुठलेही हलके चाक चालणार नाही, आणि त्याच झोतातला ओलावा लाकडालाही लागतो. छताच्या पंख्यापासून दोन-अडीच मीटर लांब, आतल्या भिंतीवर लावा. उन्हाळ्यात ते शक्य नसेल तर पुढे काच किंवा अॅक्रिलिकचे झाकण द्या, चाकापासून किमान 3 सेमी अंतर ठेवून.

काळ्या मातीवरच्या घरांच्या भिंती पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हलतात, भेगा पडतात. म्हणून पाट भिंतीला चार कोपऱ्यांत घट्ट ठोकू नका. वर एका मजबूत हुकावर लटकवा, खाली दोन फिरवता येणारे स्क्रू टेकू म्हणून द्या, आणि पाटावर छोटा ओळंबा कायमचा लावून ठेवा. ओळंबा खुणेवरून सरकला की स्क्रू फिरवून परत आणायचा. एकूण वजन चार किलोंच्या आसपास जाते. विटेच्या भिंतीत 8 मिमी प्लग पुरतो. मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, तिथे लाकडी खांबाला किंवा वरच्या आडव्या लाकडाला लटकवा.

हिंगणघाटकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू असतात. उघड्या बेअरिंगमध्ये ते आसाभोवती गुंडाळले जातात आणि तेल शोषून घेतात. बेअरिंगच्या पुढे पातळ पत्र्याची चकती लावा, आसाला न टेकता अर्धा मिमी फट ठेवून. ती सीलसारखी घासत नाही आणि तंतू अडवते. दिवाळीनंतर आणि हंगाम संपल्यावर, असे वर्षातून दोनदा बेअरिंग धुऊन एकेक थेंब तेल द्या. खुंट्यांना आणि पॅलेटला तेल नको, तिथे धूळ चिकटून कानशीसारखी घासते. शिल्प काही दिवस बंद ठेवले असेल तर चावी भरण्यापूर्वी चौकटीच्या मागे बघा. कुंभारमाशी कुलूप-दांडीच्या बिजागरीतच मातीचे घर बांधते, आणि तसे भरलेले असताना स्प्रिंगला जोर दिला तर दांडी वाकते.